जुन्या प्रॉक्समॉक्स सर्व्हरला कमी खर्चात जास्तीची जागा कशी जोडायची

घरी प्रॉक्समॉक्सवर (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टिम) चार-पाच व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवत असाल तर डिस्क कधी ना कधी भरतेच, आणि मग मन म्हणतं की आता नवीन मशीनच घेऊ. घेऊ नका. स्टोरेजच्या बाबतीत मशीनचं वय फारसं आड येत नाही, डिस्क जोडायचा साटा २ चा जुना पोर्टसुद्धा सेकंदाला साधारण ३०० एमबी देतो आणि फिरणारी हार्ड डिस्क तेवढं मागतच नाही.

आधी फुकटातलं काम. जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या जपून ठेवलेल्या जुन्या स्थिती), विसरलेल्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या फायली), बंद पडलेल्या व्हीएमच्या डिस्का हे सगळं काढा. आणि थिन पूल (व्हीएमला लागेल तेवढीच जागा देणारा साठा) वापरत असाल तर व्हीएमच्या डिस्कला डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा परत करायचा पर्याय) चालू आहे का बघा, नसेल तर आत कितीही फायली उडवा, बाहेर पूलमध्ये जागा मोकळी होतच नाही आणि आपण डोकं खाजवत बसतो.

एवढं करूनही पुरत नसेल तर ठरवा की नवीन डिस्कवर जाणार काय. माझं सरळ मत आहे, व्हीएमच्या सिस्टिम डिस्का आणि डेटाबेस एसएसडीवरच राहू द्या, बॅकअप, फोटो, व्हिडिओ, आयएसओ असलं जड सामान तेवढं हार्ड डिस्कवर टाका. हे एकदा ठरलं की वेगवान, महागडी डिस्क लागतच नाही, वापरलेली चालते.

वापरलेली घेताना किती तास चालली आहे याला मी तितकं महत्त्व देत नाही, स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ५, १९७ आणि १९८ हे खराब सेक्टरचे तीन नंबर बघा, रॉ व्हॅल्यू शून्य पाहिजे. १९९ वाढलेला असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. घरी आणल्यावर स्मार्टची लाँग टेस्ट लावा, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, लागू द्या, त्याआधी एक फाइलसुद्धा टाकायची नाही. झेडएफएस (अनेक डिस्कांचा एक पूल करणारी फाइल सिस्टिम) करणार असाल तर एसएमआर डिस्क (जिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात) टाळा, पूल दुरुस्त करायची वेळ आली की ती रडवते. सर्व्हरसाठीच्या सॅस डिस्क स्वस्त मिळतात पण त्यांना साधा साटा पोर्ट चालत नाही, शिवाय काही ५२० बाइट सेक्टरच्या असतात, त्या आधी ५१२ ला फॉरमॅट कराव्या लागतात.

बोर्डवर साटा पोर्ट मोकळा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर वापरलेलं एलएसआय ९२११-८आय किंवा त्याच चिपचं कार्ड घ्या, त्याला आठ डिस्का जोडता येतात, फक्त आयटी मोडमध्ये फ्लॅश केलेलं आहे का ते विचारून घ्या, म्हणजे कार्ड मध्ये लुडबूड न करता डिस्क सरळ सिस्टिमला दाखवतं. हे कार्ड सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनलंय, साध्या कॅबिनेटमध्ये चांगलंच तापतं, हीटसिंकवर छोटा फॅन बांधाच. एक-दोनच डिस्का असतील तर एएसएम११६६ चिपचं साधं साटा कार्डही पुरतं. यूएसबीची डिस्क फक्त बॅकअपच्या जादा कॉपीसाठी, तिच्यावर व्हीएम चालवू नका, मध्येच डिस्कनेक्ट झाली की सगळं लटकतं.

पॉवर सप्लाय विसरू नका, फिरायला लागताना एक डिस्क वीस-पंचवीस वॅट ओढते. आणि मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा काढणारे ते ओतीव प्लास्टिकचे स्वस्त कनेक्टर नकोच, ते आतून शॉर्ट होऊन जळतात.

आता मी आपटलो ती जागा. कार्ड बसवलं, सर्व्हर चालू केला, पंखे फिरतायत, पण ब्राउझरमध्ये प्रॉक्समॉक्सचं पान येईना. कार्ड काढलं की सगळं ठीक, लावलं की गायब. अर्धा दिवस बोर्ड गेला म्हणून बसलो होतो, शेवटी मॉनिटर जोडला तर नेटवर्क कार्डाचं नावच बदललेलं, ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं होतं, कारण नवीन कार्डामुळे पीसीआयचे नंबर पुढे सरकले आणि व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा ब्रिज बिचारा जुन्याच नावाची वाट बघत होता. नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये नाव बदललं, दोन मिनिटांत काम झालं. तेव्हा मॉनिटर आणि कीबोर्ड आधीच जोडून ठेवा, आणि पीसीआय पासथ्रू (एखादं कार्ड थेट व्हीएमला देणं) वापरत असाल तर ते पत्तेही तपासा.

पुढचं सोपं आहे. प्रॉक्समॉक्सच्या पानावर नोडवर (म्हणजे आपल्या सर्व्हरवर) क्लिक करून डिस्क्समध्ये जा, सीरियल नंबर जुळवून बघा (चुकीची डिस्क वाइप करणारे कमी नाहीत), मग वाइप करा, म्हणजे पूर्ण पुसा. दोन सारख्या डिस्का असतील तर झेडएफएस मिरर (दोन्हींवर तोच डेटा), एकच असेल तर डिरेक्टरी आणि ईएक्सटी४ ही साधी फाइल सिस्टिम. रॅम कमी असेल तर झेडएफएसच्या कॅशला मर्यादा घाला, जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ती अर्धी रॅम खाऊ शकते. डिस्क हाताने माउंट केली असेल तर एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती फाइल) नोफेल लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी सिस्टिम चालू होते, आणि स्टोरेजला इज-माउंटपॉइंट (डिस्क खरंच जोडलेली असेल तरच वापर) लावा, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क माउंट होणार नाही आणि रात्रीचा बॅकअप गुपचूप रूट डिस्कवर जाऊन ती भरून टाकेल.

मग व्हीएमच्या हार्डवेअरमधून जड डिस्का मूव्ह स्टोरेजने हलवा. डिलीट सोर्सची टिक लगेच लावू नका, व्हीएम नवीन जागेवरून चालू करून बघा, मशीन एकदा मुद्दाम रीस्टार्ट करा, आणि सगळं वर आलं की मग ती अनयूज्ड म्हणून दिसणारी जुनी डिस्क काढा.