पोहणं शिकताना या चुका टाळा, आणि मुलांना आणणाऱ्या आईबाबांनी तर नक्की वाचा

मी पुण्यात पोहण्याचं पर्सनल कोचिंग करते, 14 वर्षं झाली. चार वर्षांच्या पोरापासून पासष्टीच्या आजींपर्यंत सगळे येतात. दर एप्रिलमध्ये फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅडम किती दिवसांत येईल? कुठल्या तलावावर शिकवता, पाणी किती खोल, तुम्ही स्वतः पाण्यात उतरता का, हे विचारणारे फार थोडे. आणि मग त्याच त्याच चुका, दरवर्षी, नव्या माणसांकडून. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी ती चूक जिचा मला खरंच राग येतो. "ढकलून द्या हो, आपोआप शिकेल, आम्हाला पण विहिरीत ढकललंच होतं."

मी स्वतः विहिरीत शिकलेय, सातारा जिल्ह्यात, आजोळी. त्यामुळे विहिरीच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत. माझ्या मामाने आधी आठ-दहा दिवस मला नुसतं पायऱ्यांवर बसवून पाय मारायला लावले, मग पाठीला वाळका भोपळा बांधला, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात. कुणाकडे भोपळा नसला तर पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर रिकामा डालड्याचा डबा असायचा. शेवटी कधीतरी भोपळा सोडून त्याने मला वरून टाकलं, पण तेव्हा खाली पाण्यात माझे दोन मामेभाऊ आधीच उतरलेले होते. आता गंमत काय होते की माणसाला तेवढा शेवटचा दिवस लक्षात राहतो, आधीचे पंधरा दिवस विसरतात, आणि चाळीस वर्षांनी तेवढंच आपल्या पोरावर करायला जातात.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सात वर्षांचा मुलगा होता माझ्याकडे, मे महिना, अकरावा दिवस. चेहरा पाण्यात घालत होता, माझा हात धरून पाठीवर तरंगत होता, म्हणजे गाडी अगदी रुळावर होती. त्या दिवशी त्याचे बाबा पहिल्यांदाच बघायला आले होते. मी पलीकडून किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, आणायला वीस पावलं गेले असेन नसेन, मागून आवाज आला "एक, दोन, तीन" आणि धप्प. पाच फुटात. वळून उडी मारून त्याला वर काढेपर्यंत काही सेकंदच गेले असतील, पण नाकातोंडात पाणी गेलेलं, आणि त्याने माझ्या गॉगलचा पट्टा इतका घट्ट धरला होता की बाहेर आल्यावर एकेक बोट सोडवावं लागलं. बाबा हसत होते. म्हणाले, बघा, आला ना वर.

तो वर आला नव्हता, मी आणला होता.

त्यानंतर तो मुलगा तलावाच्या कडेलाही येईना. मी फी न घेता त्याला रोज बोलवत राहिले, कारण असं सोडलेलं पोर आयुष्यभर पाण्याला घाबरतं, मोठेपणी माझ्याकडे येणाऱ्या दहा घाबऱ्या माणसांना विचारा, अर्ध्यांच्या मागे कुणीतरी ढकलल्याची गोष्ट असते. आधी नुसते पायरीवर बसलो आम्ही. त्याच्या पायाची बोटं फरशीच्या कडेला आवळलेली असायची, ती सैल झाली की मी समजायचे आज पुढची पायरी चालेल. घरी अभ्यास दिला की आंघोळीला शॉवर नको, तांब्याने स्वतःच्या डोक्यावर स्वतः पाणी ओत. स्वतः, हे महत्त्वाचं. जुलै संपत आला तेव्हा तो चार फुटात उडी मारायला तयार झाला आणि मला म्हणाला, "ताई, तू एक दोन तीन म्हणू नकोस, मी मारतो." तेव्हापासून मी कुठल्याच मुलाला मोजून उडी मारायला लावत नाही. अकरा दिवसांचं काम होतं, त्याला अडीच महिने लागले, एवढाच त्या शॉर्टकटचा हिशोब.

दुसरी माझी लाडकी तक्रार, श्वास. विशेषतः मोठ्यांची.

एक काका आले होते, बँकेतून रिटायर्ड, रोज सकाळी पर्वती चढणारे, तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. तीन उन्हाळे वेगवेगळ्या बॅचा केलेल्या, फ्लिपर्स घेतले, भारीतला गॉगल घेतला, मोबाईलवर शंभर व्हिडिओ बघून झालेले, आणि दहा मीटर गेले की दमून कडेला. सगळ्यांनी सांगितलेलं की स्टॅमिना वाढवा. पर्वती चढणाऱ्या माणसाला स्टॅमिना नाही हे मला पटेना. मी त्यांना पोहायलाच लावलं नाही, चार फुटात कडेचा रॉड धरून उभं केलं आणि म्हटलं, डोकं पाण्यात घाला आणि नेहमी करता तेच करा. बघते तर बुडबुडे नाहीत. एकही नाही. काका पाण्यात श्वास कोंडून धरत होते आणि तोंड वर काढल्यावर तेवढ्या अर्ध्या सेकंदात सोडायचा पण आणि घ्यायचा पण, दोन्ही करायला बघत होते.

हे नीट समजून घ्या. पाण्यात जो जीव गुदमरतो ना, तो बहुतेक वेळा ऑक्सिजन संपला म्हणून नाही, आतला कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकला नाही म्हणून. छाती भरलेलीच असते, जुन्या हवेने, मग नवी हवा जाणार कुठे? म्हणून सोडायचा पाण्यात, हळूहळू, नाकातोंडाने, आणि वर आल्यावर फक्त तोंडाने घ्यायचा. काकांना मी नऊ दिवस फक्त हेच करायला लावलं, रॉड धरून, मग किकबोर्डवर. पहिले तीन दिवस चिडले, म्हणाले याचे पैसे देतोय का मी. दहाव्या दिवशी 25 मीटर गेले, तिकडच्या कडेला हात लावला आणि मागे वळून बघत राहिले की एवढं अंतर आपणच आलो का.

मुलांना मी याचं शास्त्र सांगत नाही. मी म्हणते "गणपती बाप्पा", आणि त्यांनी चेहरा पाण्यात घालून "मोऽऽरया" ओरडायचं, बुडबुडे संपेपर्यंत. ओरडायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो, आणि भीती कुठे जाते कळत पण नाही. घरी बादलीत करा. आठवडाभर बादलीत मोरया केलेलं पोर आणि न केलेलं पोर, पहिल्या दिवशी दोघांना बघूनच मला फरक कळतो.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे डोकं वर काढून पोहणं. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो, ते पाण्याबाहेर उचललं की पाय खाली जाणारच, मग पाय बुडतात म्हणून आणखी जोरात मारायचे, मग दमायचं. पाय बुडतायत अशी तक्रार घेऊन येणाऱ्याच्या पायात दोष जवळजवळ कधीच नसतो, मान बघा त्याची. नजर तळाच्या फरशीकडे, आणि श्वासाला डोकं उचलायचं नाही, बाजूला वळवायचं, एक कान पाण्यातच राहिला पाहिजे.

दंडाला बांधायचे फुगे. मला अजिबात आवडत नाहीत. मूल त्यात उभं राहतं, सायकल चालवल्यासारखे पाय मारतं आणि त्याला वाटतं आपल्याला पोहता येतं. पोहण्यात शरीर आडवं हवं, फुगे बरोबर उलटी सवय लावतात. वर आई निवांत होते हा त्याहून मोठा धोका, कारण फुगा दंडातून निसटायला वेळ लागत नाही. किकबोर्ड वापरा, नूडल म्हणजे फोमची लांब तरंगती नळी वापरा, आणि सगळ्यात चांगला कोचचा हात.

आता पर्सनल क्लास लावणाऱ्यांसाठी. पर्सनल म्हणजे एकाला एक, किंवा दोन भावंडं. एकाच वेळी सहा मुलं आणि सर काठावर उभे राहून शिट्टी वाजवतायत ही बॅच झाली, मग पैसे पण बॅचचेच द्या. नवशिक्यासाठी कोच पाण्यात उतरलाच पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही. लाईफगार्ड वेगळा आहे का विचारा, कोच शिकवत असताना राखणपण तोच करणार असेल तर ते बरोबर नाही. पैसे भरायच्या आधी एक दिवस काठावर बसून बघा, मूल रडलं तर तो काय करतो. ओरडतो का, थांबतो का. बायकांना लेडी कोच हवी असेल तर मोकळेपणाने विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, अंग आकसून कुणी पोहायला शिकत नाही.

आणि लहान मुलांना अर्धा तास बस होतो. तासाचे पैसे दिलेत म्हणून तास वसूल करू नका, ओठ निळे पडायला लागले, दात वाजायला लागले की बाहेर, टॉवेल, संपलं. उरलेला अर्धा तास काही वाया जात नाही. आठवड्यातून एकदा दोन तास येण्यापेक्षा सलग रोज अर्धा तास कितीतरी चांगला, पाण्याची ओळख दोन दिवसांच्या खाड्याने पण पुसते.

"21 दिवसांत पोहणं" वाल्यांबद्दल एवढंच म्हणते की 21 दिवसांत एखाद्याला येतं पण, दुसऱ्याला साठ लागतात, आणि दोघंही छान पोहतात नंतर. शेजारच्या मुलाला आलं आणि आपल्याला नाही हे काठावर उभं राहून मोठ्याने बोलू नका, पाण्यात आवाज चांगला ऐकू येतो.

वय झालं, शरीर साथ देणार नाही म्हणून येत नसाल तर मुरलीकांत पेटकरांचं नाव ऐकलं असेलच, आपले सांगली जिल्ह्यातले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण आणलं, 37.33 सेकंदात. तुम्हाला पदक नकोय, फक्त तरंगायचंय. भरल्या छातीने बहुतेक माणसाचं शरीर तरंगतंच, तुम्ही ते ताठ करून बुडवू नका.

काही बारीक गोष्टी, पटापट. तेल लावून तलावात उतरू नका. सुती टीशर्ट घालू नका, भिजला की ओढतो, नायलॉनचाच कॉस्च्युम घ्या. गॉगल पट्टा न लावता नुसता डोळ्यावर दाबून बघा, क्षणभर चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा, नाहीतर कितीही महाग असो पाणी जाणार. उतरण्याआधी अंघोळ आणि बाथरूम, दोन्ही. क्लोरीनचा उग्र वास आला की लोक म्हणतात वा, पाणी स्वच्छ आहे, पण तो वास क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळल्यावर येतो. कानात पाणी गेलं तर डोकं त्या बाजूला वाकवून कानाची पाळी ओढा, कानात काडी घालायची नाही. आणि पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो ही पैज, ही माझ्याकडे पूर्ण बंद आहे, जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारली की गुदमरल्याची जाणीवच होत नाही आणि माणूस पाण्यात बेशुद्ध पडतो, चांगले पोहणारे यात गेलेत.

सोसायटीच्या पूलवर आईबाबा खुर्चीत बसून मोबाईल बघतात, कारण मूल बुडायला लागलं तर ओरडेल असं वाटतं. ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वरखाली होत असतं, श्वासच घेता येत नाही तर आवाज कुठून येणार, हात बाजूला पाण्यावर दाबले जातात आणि मिनिटभराच्या आत सगळं शांतपणे होतं. साडेतीन फुटातही. पोर पाण्यात असेपर्यंत मोबाईल पिशवीत.

बॅच संपते जूनच्या तोंडावर, आणि लगेच वर्षासहली. तलावात एक लांबी गेलेला माणूस धरणाच्या बॅकवॉटरला, धबधब्याखालच्या डोहात नाहीतर कोकणात समुद्रात घुसतो, कारण आता मला येतं. तिथे तळ दिसत नाही, कड नाही, ओढ आहे. समुद्राने आत ओढलं तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या प्रवाहातून बाजूला निघा आणि मग किनाऱ्याकडे या, नाही जमलं तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा. नदीत, डोहात तर उतरूच नका, खरंच.

म्हणून शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना घरचे कपडे घालून यायला सांगते, स्वच्छ धुतलेले, तलाववाल्यांची परवानगी काढलेली असते. खोल भागात उडी मारायची, मी बाजूलाच असते, दोन मिनिटं पाठीवर तरंगायचं, मग कडेपर्यंत यायचं आणि शिडी न वापरता बाहेर पडायचं. पोरं उड्या मारेपर्यंत खिदळत असतात. मग कडेला येऊन हातावर जोर देतात आणि भिजलेली जीन्स त्यांना वर येऊ देत नाही, दोनदा, तीनदा घसरतात, आणि हसणं थांबतं. मग मी सांगते, आधी एक कोपर वर टाक, मग दुसरं, आता पोटावर सरक.