क्लाइंबिंग स्टिक: धातू टिकतो, पट्टा दगा देतो

पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबर लागला की आमच्या कारखान्यातली निम्मी माणसं जेवणाच्या सुट्टीत गाडीत घोरत पडलेली दिसतात. धनुष्यबाणाने हरणं मारायचा हंगाम सुरू झालेला असतो आणि मंडळी पहाटे चारला उठून झाडावर बसून आलेली असतात. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा हंगाम उघडतो, त्या आठवड्यात तर रजेच्या अर्जांची चळत लागते. मी मूळचा चिपळूणचा, शिक्षणाने धातुशास्त्रवाला. शिकारीशी माझा संबंध मटणाच्या ताटापुरता होता. शेजारच्या शेतकरी आजोबांनी एकदा सोबत नेलं आणि आता नव्याने आलेली मराठी मुलं मलाच विचारतात, "काका, स्टिक्स कुठल्या घेऊ?" मी म्हणतो, कुठल्याही घे, आधी पट्टे दाखव.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. मचाण तिकडे उरलं आहे ते मुख्यतः बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्यासाठी. त्यामुळे पुढचं सगळं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, परवाना काढलेल्या आणि शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण झालेल्या माणसासाठी आहे. सह्याद्रीत कडे चढलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

स्टिक म्हणजे झाडावर चढायला खोडाला बांधायचा शिडीचा तुकडा. मधे एक नळी, तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या पायऱ्या, मागे खोडाला टेकणारे दोन दातेरी आधार आणि खोडाभोवती आवळायला एक पट्टा किंवा दोर. लांबी साधारण २० ते ३२ इंच, वजन एक ते तीन पौंड. अशा चार स्टिक्स एकावर एक बांधत गेलं की माणूस १५ ते २० फुटांवर पोचतो.

२० फूट म्हणजे सहा मीटर. तेवढ्यावरून खाली यायला सव्वा सेकंदही लागत नाही आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी ३९ किलोमीटर असतो. हे गणित मी प्रत्येक नव्या मुलाला कागदावर करायला लावतो.

घरी असतानाच: धातू तपासा

बहुतेक चांगल्या स्टिक्स ६०६१ जातीच्या अॅल्युमिनियमच्या असतात. हलक्या असतात, पोलादासारख्या गंजत नाहीत. पण अॅल्युमिनियमची एक खोड आहे. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही, अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक चढ-उतर त्याच्या हिशेबात जमा होते. शिवाय वेल्डिंगच्या शेजारची पट्टी उष्णतेने मऊ झालेली असते, म्हणून तडा जायचा तर तो पायरी नळीला मिळते तिथेच जातो.

तडा शोधायची सोपी युक्ती: कापसाचा बोळा वेल्डवरून हळूच फिरवा. धागा अडकला तर तिथे भिंग धरून बघा. तडा दिसला तर ती स्टिक भंगारात. पुन्हा वेल्ड करून वापरायचा मोह होतो, मलाही झाला होता, आणि मी तर त्याच धंद्यातला. करू नका. आतल्या ताणाचा अंदाज गॅरेजमध्ये बसून येत नाही.

आवाज होऊ नये म्हणून लोक स्टिकला कापडी चिकटपट्टी गुंडाळतात. धातूवर धातू आपटल्याचा टणत्कार हरणाला फार लांबून ऐकू जातो, त्यामुळे ते योग्यच आहे. पण वेल्ड आणि बोल्ट उघडे ठेवा. झाकलेला तडा वाढत राहतो आणि दिसत नाही. वजन कमी करायला नळीला जादा भोकं पाडणारेही भेटतात. त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियमची नळी जिथे भेटतात तिथे ओल आणि मीठ पोचलं की अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजू लागतं. मीठ कुठून येणार? इथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, तेच पिकअपच्या हौद्यात उडतं आणि आपल्या स्टिक्स तिथेच लोळत असतात. हंगाम संपल्यावर साध्या पाण्याने धुवा, पुसा, बोल्ट आवळून बघा.

आता वजन. बऱ्याच स्टिक्सवर ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो अशी मर्यादा छापलेली असते. ९० किलोचा माणूस म्हणेल, भरपूर आहे. पण थंडीचे कपडे, बूट, बॅग, पाठीवरचा फळा (वर पोचून खोडाला बांधायची बैठक), हे मिळून १०५ ते ११० किलो सहज होतात. शिवाय भार अचानक टाकला की धातूला तो जवळपास दुप्पट भासतो, वरून उडी मारली नसली तरी. म्हणून पायरीवर पाय आधी टेकवायचा, मग वजन सावकाश द्यायचं. आणि पाय नळीला चिकटून ठेवा. टोकावर ठेवला तर पायरीवर जोर वाढतो आणि स्टिक बाजूला फिरते.

पट्टे: इथे कंजुषी नको

माझ्या पाहण्यातली एकही स्टिक मधोमध मोडलेली नाही. घसरल्या मात्र कितीतरी, आणि दरवेळी कारण पट्टा, बकल किंवा बांधणाऱ्याची घाई.

पहिल्याच वर्षी मी स्वतः हा प्रसाद घेतला. तिसरी स्टिक बांधताना बकलच्या दातांत सालीची एक कपची अडकली होती. पहाटेच्या अंधारात दिसली नाही. पाय ठेवला आणि स्टिक चार-पाच इंच खाली सरकली. कमरेचा दोर खोडाभोवती होता म्हणून नुसता गुडघा सोलवटला. त्या दिवशी हरीणबिरीण सोडून घरी येऊन चहा घेतला. त्यानंतर बकलवरून अंगठा फिरवल्याशिवाय मी पाय उचलत नाही.

पट्ट्याला तीन शत्रू: ऊन, घर्षण आणि कुरतडणाऱ्या खारी. पॉलिप्रोपिलीनचे स्वस्त पट्टे उन्हाने सगळ्यात लवकर कुजतात. नायलॉन ओलं झालं की ताणतं. पॉलिस्टर त्या मानाने बरं. पट्टा बोटांत दुमडून बघा. रंग उडालेला, कडा केसाळ झालेल्या, शिवण उसवलेली किंवा पट्टा पुठ्ठ्यासारखा कडक, यांतलं काहीही दिसलं तर बदला. दिसायला चांगला असला तरी दोन वर्षांत बदलावा, असं मी धरून चालतो. एक हरीण कापून पॅक करून घ्यायला खाटीक जे पैसे घेतो, त्याहून नव्या पट्ट्यांचा संच स्वस्त पडतो.

हल्ली पट्ट्याऐवजी डायनिमासारख्या धाग्याचा बारीक दोर वापरायची पद्धत आहे. वजनाला हलका, आवाज शून्य, ताकद भरपूर. पण तो गुळगुळीत असतो, साधी गाठ त्यात सरकते आणि गाठीपाशी त्याची ताकद बरीच घटते. म्हणून तो गुंफून जोडलेलाच घ्यावा. मूळ पट्टा काढून स्वतःचा दोर लावला की कंपनीची हमी संपली, हेही लक्षात ठेवा.

झाड निवडणं

जिवंत, सरळ, साधारण ९ ते १८ इंच जाडीचं झाड घ्या. या भागात एका झाडापासून मुद्दाम सावध राहायला हवं, ते म्हणजे अॅश. पाचूसारख्या हिरव्या रंगाचा, अॅशचं खोड पोखरणारा एक किडा आशियातून इकडे आला. २००२मध्ये तो मिशिगनात सापडला, २००७मध्ये पेनसिल्व्हेनियात. तेव्हापासून अॅशची झाडं उभ्याउभ्या मेली आहेत. मेलेलं अॅश फार लवकर ठिसूळ होतं. खालून धडधाकट दिसतं आणि वर गेल्यावर फांदी हातात येते. ऑक्टोबरअखेर पानं गळाल्यावर जिवंत-मेलेलं ओळखणं अवघड, म्हणून झाडं सप्टेंबरात, पानं असतानाच हेरून ठेवा.

शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यांनी सुटते, स्टिकचे दात सालीत रुततात आणि साल खोडाला सोडते. बीचचं खोड गुळगुळीत, ओलं असेल तर आणखीच. खोडावर केसाळ मुळांची जाड वेल दिसली तर तिला हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही असण्याची दाट शक्यता आहे आणि पानं गळलेली असली तरी ती अंगाला खाज आणतेच. शेवटी मान वर करून सुक्या, लोंबकळणाऱ्या फांद्या आहेत का बघा. झाड कललेलं असेल तर कलाच्या वरच्या बाजूने चढा, म्हणजे आपलं वजन खोडाकडे राहतं.

सार्वजनिक जंगलात झाडाला खिळे किंवा स्क्रू मारायला अनेक राज्यांत मनाई आहे. पट्ट्याने बांधायच्या स्टिक्स लोकप्रिय व्हायचं हे एक मोठं कारण. स्टिक किती दिवस लावून ठेवता येते याचे नियमही जागोजागी वेगळे आहेत, आपल्या राज्याची पुस्तिका वाचा.

चढणं

सगळ्यात आधी पूर्ण अंगाचा हार्नेस, तोही जमिनीवर असतानाच घालायचा. नुसता छातीचा किंवा कमरेचा पट्टा नको, लटकलात तर तो श्वास कोंडतो. हार्नेसवर उत्पादनाची तारीख असते. पाच वर्षं झाली किंवा एकदा जरी त्याने पडताना झेललं, तरी तो रद्द.

मग खोडाभोवती कमरेचा दोर. आपल्याकडे वायरमन खांबावर कमरेला पट्टा घेऊन दोन्ही हात मोकळे ठेवून काम करतो, तसाच हा. त्याची दोन्ही टोकं हार्नेसच्या कमरेच्या कड्यांत कॅराबिनरने, म्हणजे झडपेच्या धातूच्या कडीने, अडकवायची. गोव्यातला पाडेली नारळावर सरसर चढतो तेव्हा डोळ्याचं पारणं फिटतं, पण त्याचा सराव लहानपणापासूनचा. आपण सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसतो.

१. पहिली स्टिक अशी लावा की खालची पायरी गुडघ्याच्या उंचीवर येईल. पट्टा खोडाभोवती आडवा, पीळ न पडता, बकलमध्ये योग्य बाजूने ओवा. आवळल्यावर स्टिकची नळी दोन्ही हातांनी खाली दाबा, म्हणजे दात सालीत बसतात. पट्ट्याचं उरलेलं टोक एक वेढा देऊन अडकवा.

२. खालच्या पायरीवर हळूहळू वजन द्या. कुरकुरली, फिरली, सरकली, तर उतरा आणि पुन्हा बांधा. "चालेल" म्हणू नका.

३. वर सरकताना कमरेचा दोर आधी वर घ्या, मग पाय. दोर्‍या, पट्टे, फांद्या, काहीही धरलेलं असो, दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, असे तीन आधार कायम.

४. दोन स्टिक्समधलं अंतर गुडघ्याएवढ्या उंच पावलाचं ठेवा. तीन स्टिक्समध्ये २० फूट गाठायच्या नादात लोक अंतर ताणतात. चढताना जमतं, पण संध्याकाळी चार तास गारठून बसल्यावर अंधारात उतरताना खालची पायरी पायाला सापडत नाही. घरात ज्या स्टूलवर चढायला हात टेकावा लागतो, तेवढं अंतर जास्त समजा.

५. मध्ये फांदी आली तर दुसरा दोर फांदीच्या वर बांधून अडकवा, मगच पहिला सोडा. एका क्षणापुरतंही मोकळं राहायचं नाही.

६. वरची स्टिक फळ्याच्या पातळीपेक्षा थोडी उंच न्या. फळ्यावर वरून खाली पाऊल टाकता आलं पाहिजे. खालून वर चढून, फळ्याला लटकून जायचं नाही. माणसं जास्त करून याच बदलात पडतात, बसल्या जागी कमी.

७. फळ्यावर जाण्याआधी हार्नेस अडकवायचा मुख्य दोर खोडाला डोक्याच्या उंचीवर बांधा आणि प्रुसिक गाठीने (हाताने सरकते, झटका बसला की दोरावर घट्ट आवळते) ढील घालवा. बसल्यावर दोर जेमतेम ताठ असावा. लोंबता दोर पडताना तुम्हाला तेवढंच जास्त खाली जाऊ देतो आणि तितक्याच जोराने झटका देतो.

एकाच ठिकाणी हंगामभर बसणार असाल तर जमिनीपासून वरपर्यंत लाइफलाइन, म्हणजे सुरक्षेचा एक अखंड दोर, सोडून ठेवा. तिच्यावरची प्रुसिक सरकवत चढायचं आणि उतरायचं, कुठेच सुटायला नको.

धनुष्य किंवा बंदूक हातात घेऊन चढायचं नाही. जमिनीवर ठेवा, दोरीने बांधा, वर पोचून ओढून घ्या. बंदूक रिकामी, चेंबर उघडा, नळीचं तोंड जमिनीकडे. बाणांची पाती झाकलेली. आणि हे सामान तुम्ही पडलात तर जिथे आदळाल त्या बाजूला ठेवू नका.

लटकलात तर

हार्नेसने झेललं म्हणजे सुटलो, असं नाही. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात आणि निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध पडू शकतो. बहुतेक हार्नेससोबत पायात घालून उभं राहायचा एक पट्टा येतो. तो पाकिटातून काढून खिशात ठेवा. तो नसेल तर पाय हलवत राहा, खोडाला लाथा मारत राहा आणि स्टिकवर परत यायचा प्रयत्न करा. फोन छातीच्या खिशात हवा, बॅगेत नको, कारण बॅग फांदीला टांगलेली असते. कुठलं झाड, परत किती वाजता, हे घरी सांगून जा. माझ्या बायकोकडे नकाशावर खूण असते आणि सात वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन येतोच.

हे सगळं आधी अंगणात, दीड फूट उंचीवर करून बघा. लटकणंसुद्धा, शेजारी कोणी उभं असताना. पाऊस, गोठलेला बर्फ, जोराचा वारा किंवा वीज असेल तर झाडावर नको.

हंगाम संपल्यावर

स्टिक्स खाली आणा. झाड वाढतं, पट्टा मात्र तेवढाच असतो, त्यामुळे वर्षभर तो ताणला जातो. ऊन लागतं, खारी कुरतडतात. गेल्या वर्षीची स्टिक तशीच लावलेली सापडली तर तिच्यावर चढू नका, पट्टा बदलून नव्याने बांधा. आपल्या स्टिकचं मॉडेल अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने परत मागवलंय का, तेही हिवाळ्यात एकदा बघा. वापरलेल्या स्टिक्स विकत घेतल्या असतील तर आवर्जून.

पट्टे काढून वेगळे, झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर खरेदीचा महिना लिहा. माझे एका वर्षी गॅरेजमध्ये उघडे राहिले आणि मार्चमध्ये पाहतो तर एका पट्ट्यात उंदराने पिलांसाठी छान बिछाना करून घेतला होता.