शेतजमिनीच्या कच्च्या आकड्यांची वारंवारता सारणी कशी करावी

बी.ए.ला अर्थशास्त्राचा प्रकल्प मिळाला की आमच्या जळगाव-धुळ्याकडची बरीच मुलं 'माझ्या गावातील जमीनधारणा' हाच विषय घेतात. विषय चांगलाच आहे, माहिती ओट्यावर बसून मिळते. घोळ होतो तो वहीतले आकडे वारंवारता सारणीत, म्हणजे कोणत्या वर्गात किती शेतकरी बसतात ते दाखवणाऱ्या तक्त्यात, आणताना. आणि नेमक्या याच ठिकाणी बाजारातली गाईडं एका ओळीचा सल्ला देऊन मोकळी होतात.

आधी एकक एक करा

"दादा, वावर कितलं शे?" (शेत किती आहे?) असं विचारलं की उत्तर येतं, "दोन वीस." वहीत उतरतं २.२०. हे दोन एकर वीस गुंठे आहेत. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे खरा आकडा २.५ एकर. कॅल्क्युलेटरला ते कसं कळणार? तो २.२० म्हणजे दोन एकर आठ गुंठे धरून पुढे जातो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात आणि हेक्टरचे आर शंभर, त्यामुळे तिथला ०.८१ दशांश म्हणून तसाच चालतो. काही नोंदी तोंडी आणि काही सातबाऱ्यावरून घेतल्या असतील तर सगळं एकरात आणा. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. एकाच माणसाचे जमिनीचे दोन गट (गट नंबर) असतील तर बेरीज करून एकच नोंद धरा. भूमिहीन कुटुंबं वेगळी मोजा, शून्य एकर म्हणून यादीत कोंबू नका.

वर्गीकरणाचे चार प्रकार (कालानुसार, स्थळानुसार, गुणानुसार, संख्येनुसार) पुस्तकात आहेतच. फक्त पहिले दोन एकत्र करताना एक गोष्ट बघा. १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. १९९१ च्या जनगणनेतला धुळे आणि २०११ च्या जनगणनेतला साडेवीस लाखांचा धुळे हे दोन वेगळे प्रदेश आहेत. ते एका ओळीत मांडून 'लोकसंख्या घटली' असा निष्कर्ष काढणारे प्रकल्प मी तपासले आहेत.

आता चढत्या क्रमाने मांडणी. समजा, वीस शेतकऱ्यांचे आकडे असे आहेत (समजावण्यासाठी मनाने घेतले आहेत, एकरात):

१, १.५, २, २, २.५, २.५, ३, ३, ३, ४, ४, ५, ५, ५, ५, ६, ७, ८, १०, १२

वर्ग किती करायचे? स्टर्जेसचं १९२६ चं सूत्र सांगतं: १ + ३.३२२ × लॉग एन (एन म्हणजे नोंदींची संख्या, लॉग दहाच्या पायाचा). वीस नोंदींसाठी उत्तर येतं ५.३, म्हणजे पाच वर्ग. विस्तार १२ वजा १, म्हणजे ११; त्याला पाचाने भागलं की २.२. आकडे अर्ध्या एकराच्या टप्प्याने आहेत, म्हणून वर्गांतर (एका वर्गाची रुंदी) २.५ घ्या. सूत्राची पूजा करायची गरज नाही, पण वीस नोंदींचे बारा वर्ग करणाऱ्याला ते आवरतं.

वर्गमर्यादा: इथे घाई नको

गाईड म्हणतं, ०-५, ५-१०, १०-१५ असे वर्ग पाडा. दिसायला गोंडस. मग प्रश्न येतो: ५ एकरवाला कुठे घालायचा? असमावेशक पद्धतीचा नियम स्पष्ट आहे, वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही, ५ हा ५-१० मध्ये जाईल. नियम सगळ्यांना पाठ असतो, पण प्रत्येक नोंदीसाठी वर्गासमोर खुणा करताना हात चुकतो आणि ५ खालच्या वर्गात पडतो.

याने किती फरक पडतो ते करूनच बघा. वरच्या वीस आकड्यांची खरी सरासरी ४.५७५ एकर आहे. ५ वरच्या वर्गात घातला तर वारंवारता ११, ७, २ येतात आणि वर्गमध्यावरून (प्रत्येकाला वर्गाच्या मधला आकडा धरून) सरासरी निघते ५.२५. मर्यादेवरचे आकडे खाली ढकलले तर वारंवारता १५, ४, १ आणि सरासरी ४.०. गाव तेच, शेतकरी तेच, आणि सव्वा एकराची तफावत!

यातली दुसरी मांडणी चुकीची आहे, पहिली नियमाप्रमाणे आहे. तरीही नियमाप्रमाणे काढलेलं उत्तरसुद्धा पाऊण एकराच्या आसपास चुकलंय, हे कुणी सांगत नाही. कारण असं की माणसं ठोक आकडा सांगतात. दोन, अडीच, पाच, दहा. तुम्ही मर्यादा बरोबर पाच आणि दहावर ठेवल्या की सगळा जमाव वर्गाच्या खालच्या टोकाला बसतो, आणि आपण गणितात मात्र प्रत्येकाला वर्गमध्याचे साडेसात एकर देऊन टाकतो. म्हणून माझं ठाम मत: जिथे आकड्यांची गर्दी आहे, तिथे मर्यादा ठेवायचीच नाही. यादी आधी डोळ्यांखालून घाला, मग रेषा ओढा.

या आकड्यांसाठी मी समावेशक वर्ग (दोन्ही मर्यादा वर्गातच धरायच्या) घेतो: १-३, ३.५-५.५, ६-८, ८.५-१०.५, ११-१३. पाच आता वर्गाच्या आत आला. दहाही आत आला. कुणाला कुठे घालायचं हा वादच उरत नाही.

पण आलेख आणि मध्यकासाठी (चढत्या क्रमातला मधोमधचा आकडा) वर्ग सलग हवेत, आणि इथे दुसरा खड्डा आहे. पाठांतर असतं, 'खालून ०.५ वजा, वर ०.५ मिळवा.' हे पाठांतर कृपा करून विसरा. ते फक्त १०-१९, २०-२९ अशा पूर्णांकी वर्गांना लागू आहे. इथे लावून बघा: १-३ चा होतो ०.५-३.५, आणि ३.५-५.५ चा होतो ३-६. म्हणजे सव्वातीन एकरवाला दोन्ही वर्गांत! खरा नियम असा: एका वर्गाची वरची मर्यादा आणि पुढच्याची खालची मर्यादा यांतल्या अंतराचं निम्मं घ्यायचं. ३ आणि ३.५ मध्ये अंतर ०.५, त्याचं निम्मं ०.२५. खऱ्या सीमा झाल्या ०.७५-३.२५, ३.२५-५.७५, ५.७५-८.२५, ८.२५-१०.७५, १०.७५-१३.२५. प्रत्येकाची रुंदी बरोबर २.५. रुंदी सारखी आली नाही तर पुढे जाऊच नका.

एखादा शेतकरी मधेच ३ एकर १० गुंठे निघाला तर? ३.२५ एकर, म्हणजे नेमका सीमेवर. अशी एक-दोन नोंदी असतील तर असमावेशक नियम लावून वरच्या वर्गात घाला आणि सारणीखाली तशी टीप द्या. पाच-सहा असतील तर तुमचे आकडे अर्ध्या एकराच्या टप्प्याचे नाहीतच. सीमा नव्याने ठरवा.

खुणा यादीतून एकदाच जात, प्रत्येक आकडा खोडत करायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी.

| एकर | वर्गमध्य | वारंवारता | संचित वारंवारता (तोवरची बेरीज) |
|---|---|---|---|
| १-३ | २ | ९ | ९ |
| ३.५-५.५ | ४.५ | ६ | १५ |
| ६-८ | ७ | ३ | १८ |
| ८.५-१०.५ | ९.५ | १ | १९ |
| ११-१३ | १२ | १ | २० |

सरासरी ४.३७५. खऱ्यापासून ०.२ एकर लांब, आधीच्या दोन्हींपेक्षा बरीच जवळ. शीर्षक, एकक आणि स्रोत लिहिला की सारणी झाली. 'पेक्षा कमी' संचित वक्र काढताना बिंदू ३.२५, ५.७५ अशा खऱ्या सीमांवर घ्या, ३ आणि ५.५ वर नाही.

सरकारी गटांशी तुलना करायची असेल तर

कृषी गणनेचे गट हेक्टरमध्ये आहेत: सीमांत १ पेक्षा कमी, अल्प १ ते २, अर्धमध्यम २ ते ४, मध्यम ४ ते १०, मोठे १० आणि अधिक. आपले वीस जण त्यांत घातले तर ४, ७, ७, २, ० असे बसतात. अडीच एकर म्हणजे १.०१ हेक्टर, म्हणून अडीचवाला सीमांत नाही, अल्प आहे. पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर, तो अर्धमध्यम. गावात त्याला सगळे अल्पभूधारक म्हणतात. तुमच्या सारणीत तसं लिहू नका.

हे वर्ग असमान रुंदीचे आहेत. त्यामुळे आयतालेखात (हिस्टोग्रॅममध्ये) वारंवारता सरळ उंची म्हणून काढायची नाही, तिला रुंदीने भागायचं. अल्प गटाची उंची ७, पण दोन हेक्टर रुंदीच्या अर्धमध्यम गटाची ३.५, आणि सहा हेक्टरच्या मध्यम गटाची जेमतेम ०.३३. शेवटच्या गटाला वरची मर्यादाच नाही; त्यात कुणी असेल तर सरासरीऐवजी मध्यक काढा.