झाडीपट्टीतील कलावंतांनी चित्रपटाचे काम स्वीकारताना

झाडीपट्टीतील, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील, नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईंपासून, म्हणजे गावोगावच्या जत्रांपासून, सुरू होत असल्याने, चित्रपटाच्या तारखा देण्यापूर्वी वडसा येथील आपल्या नाटक कंपनीला दिलेल्या रात्री आधी तपासाव्यात.

निर्मितीचा खर्च किती, हे निःसंकोचपणे विचारावे. कॅमेरा, दिवे आणि जनरेटर यांचे भाडे दिवसाप्रमाणे मोजले जात असल्यामुळे कमी खर्चाचा चित्रपट सलग आणि घाईने चित्रित होतो. मोठ्या चित्रपटात मात्र एका दृश्यासाठी दिवसभर थांबावे लागू शकते, आणि त्या थांबण्याचेही मानधन ठरलेले असावे. नाटकाप्रमाणे हिशेब त्याच रात्री मिटत नाही. म्हणून आगाऊ रक्कम, उर्वरित हप्ते, जादा तास, प्रवास व मुक्काम लेखी करारात नोंदवून घ्यावेत. डबिंगचा आणि राहिलेल्या दृश्यांच्या पुनर्चित्रणाचा उल्लेख बहुधा सुटतो. माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते, कारण दाढी-केस तसेच राखण्याच्या अटीमुळे रंगभूमीवरील दुसरी भूमिकाही हातची जाते.

रात्रभर नाटक करून सकाळी चित्रीकरणाला जाणे कटाक्षाने टाळावे. कराराची स्वाक्षरी केलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी.