स्टेजच्या दिव्यांना रंग देताना: जिलेटिन कसं निवडावं, कसं लावावं

गॅदरिंग असो की राज्य नाट्य स्पर्धेची एन्ट्री, दिव्यांचा विषय शेवटच्या आठवड्यात निघतो. मग कुणीतरी स्टेशनरीच्या दुकानातून लाल-निळा चकचकीत कागद घेऊन येतं. दिव्यासमोर लावायच्या रंगीत पारदर्शक पानाला जिलेटिन म्हणतात, पण दुकानदार या कागदालाही जिलेटिनच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. तो भेटवस्तू गुंडाळायचा कागद. जळगावकडच्या एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी तो हजार वॅटच्या पार (PAR) नावाच्या स्टेजच्या दिव्यासमोर लावलेला पाहिला. पोवाडा संपेपर्यंत तो आकसून काचेला चिकटला आणि पुढच्या रांगेपर्यंत जळका वास गेला. तेव्हा पहिली पायरी एवढीच: दिव्यासाठी बनवलेलं, उष्णता सोसणारं जिलेटिनच घ्या. पूर्वी ते खरोखर जिलेटिनचं असायचं, आता पॉलिस्टर किंवा पॉलिकार्बोनेटचं असतं. नाव तेवढं टिकलं. प्रत्येक रंगाला नंबर असतो. 'निळा द्या' म्हणू नका, नंबर सांगा.

आता मुख्य गोष्ट. जिलेटिन प्रकाशात रंग घालत नाही, प्रकाशातून रंग काढून घेतं. लाल जिलेटिन लाल तेवढा पुढे सोडतं आणि बाकीचा अडवतं. अडवलेल्या प्रकाशाची उष्णता होते, म्हणून गडद रंग लवकर जळतात. दिव्यासमोरच्या एकाच फ्रेममध्ये लाल आणि हिरवा एकावर एक लावला तर जवळजवळ अंधार मिळतो. तेच दोन रंग दोन वेगळ्या स्पॉटमधून एका जागी पाडले तर पिवळा दिसतो. हे एकदा तालमीत मुलांना करून दाखवा, पुढची निम्मी भांडणं मिटतात.

रंग निवडायला बसाल तेव्हा जिलेटिनचे तुकडे ट्यूबलाइटकडे धरून पाहू नका. कपडे मागवा. खोली अंधारी करा, एका हॅलोजन दिव्यासमोर तुकडा धरा आणि खाली प्रत्येक पात्राचं लुगडं, सदरा, फेटा ठेवून बघा. लाल लुगडं हिरव्या प्रकाशात काळपट पडतं. हळदीचा पिवळा गडद निळ्यात मळकट होतो. हिरव्या बांगड्या लाल प्रकाशात काळ्या दिसतात. पांढरं धोतर-टोपी मात्र पडेल तो रंग घेते, त्यामुळे शेतकऱ्यांच्या नाटकात मंच फार पटकन रंगीबेरंगी होतो. तिथे फिके रंगच बरे.

मग चेहरा बघा, कपड्यांपेक्षाही बारकाईने. आपल्या सावळ्या कांतीला फिका अंबर (पिवळसर नारिंगी), स्ट्रॉ (गवती पिवळा), फिका गुलाबी छान बसतो. समोरून हिरवा मारला तर माणूस आजारी दिसतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्रकाशयोजना शिकवणाऱ्या मॅकँडलेसची जुनी पद्धत आजही कामाची आहे: नटाच्या समोरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकेक दिवा, एकात उबदार (पिवळसर-गुलाबी) फिका रंग, दुसऱ्यात थंड (निळसर) फिका. चेहऱ्याला उठाव येतो. दिवे कमी असतील तर एकात फिका लॅव्हेंडर (जांभळट) लावा. तो उबदार रंगाशेजारी थंड वाटतो आणि थंडाशेजारी उबदार.

खान्देशातल्या नाटकांत हमखास येणाऱ्या दोन वेळा सांगतो. पहिली वैशाखातली दुपार. बहुतेक जण गडद नारिंगी लावतात आणि दुपारची संध्याकाळ होऊन बसते. आपलं पंचेचाळीस अंशांचं ऊन नारिंगी नसतं, पांढरं असतं, डोळे मिटायला लावणारं. तिथे डोक्यावरून जिलेटिनशिवायचा उघडा दिवा पूर्ण ताकदीवर ठेवा, फार तर अगदी फिका स्ट्रॉ. सावली नाकाखाली पडली की ऊन कळतं. नारिंगी राखून ठेवा तिन्हीसांजेला, किंवा कानबाईच्या जागराला, जिथे समईचा उजेड हवा असतो.

दुसरी वेळ रात्र. इथे गडद निळ्याचा मोह आवरा. हॅलोजनमध्ये निळा मुळातच कमी. त्यात काँगो ब्लू, नंबर १८१, लावलात तर एक टक्काही उजेड बाहेर येत नाही. एका अहिराणी एकांकिकेला माझ्या मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "आंडोरनं तोंडच दिखत नही," म्हणजे पोराचं तोंडच दिसत नाही, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. चांदण्यासाठी ११७ स्टील ब्लूसारखा फिका निळा मागून आणि बाजूने मारा, समोरून थोडा लॅव्हेंडर ठेवा. गडद निळा मागच्या पडद्यावर चालतो. आणखी एक, हॅलोजन डिम केला की त्याचा प्रकाश पिवळा पडतो, त्यामुळे निळ्याचा मळका निळा होतो. निळे दिवे मोजकेच लावा, पण चढे ठेवा.

भाड्याने एलईडी पार मिळाले तर रंग बटणावर मिळतात. पण लाल-हिरवा-निळा एवढेच असलेल्या एलईडीने चेहरा निर्जीव दिसतो. अंबर किंवा पांढरा असलेले मागा आणि समोरच्या उजेडासाठी दोन हॅलोजन राहू द्या.

लावताना दिवा बंद करून थंड होऊ द्या, हातमोजे घाला. जिलेटिन फ्रेमच्या मापाने कापा, फ्रेम खाचेत नीट बसवा आणि तिला सेफ्टीची तार बांधा. काचेला चिकटवू नका, मधून हवा खेळली पाहिजे. गडद रंगांना मध्यभागी टाचणीने बारीक भोकं पाडली तर ते जास्त टिकतात. शिवाय गडद रंगाचा एक जादा तुकडा विंगेत ठेवा, मधलं फिकट पडलं की बदलता येतो.

प्रयोग संपल्यावर प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर मार्करने नंबर लिहा आणि जुन्या कॅलेंडरच्या पानांमध्ये सपाट ठेवा. गुंडाळी करू नका. आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात तर मुळीच ठेवू नका, घरात कपाटावर ठेवा.