डोक्याला मार लागलाय आणि नाव माहीत नाही: कॅज्युअल्टीत नवीन लागलेल्यांसाठी

सायन म्हणा, केईएम म्हणा, मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात असा पेशंट येतोच. लोकलमधून पडलेला नाहीतर हायवेवर गाडीने उडवलेला, सोबत फक्त हवालदार किंवा १०८वाले, आणि केसपेपरवर 'अननोन मेल'. नवीन पोरं लगेच नावाच्या मागे लागतात. नाव नंतर हो, आधी श्वास बघा.

मानेला आधाराची कॉलर लावल्याशिवाय मान हलवायची नाही, सक्शन, ऑक्सिजन, टॉर्चने दोन्ही बाहुल्या बघून लिहायच्या, जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचा स्कोअर, लिहायचा (३ ते १५ मध्ये असतो, ८ किंवा त्याखाली म्हणजे श्वासाची ट्यूब टाकायची तयारी), आणि शुगर! दारूचा वास आला की 'पिऊन पडलाय, सकाळी उतरेल' म्हणत ट्रॉली कोपऱ्यात लावतात ते मला अजिबात पटत नाही, प्यायलेल्याच्या डोक्यातही रक्त साकळतं आणि शुगर उतरलेला माणूसही तसाच बरळतो. मग डोक्याचा साधा सीटी स्कॅन. नातेवाईक नाहीत म्हणून जीव वाचवणारं ऑपरेशन अडत नाही, डॉक्टर कारण लिहून सह्या करतात. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, होईलच, पण आधी उपचार आणि मग पोलिसांचे सोपस्कार हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय.

आता ओळखीचं. आणणाऱ्याला पळू देऊ नका, पण त्याला दमही देऊ नका, त्याने नाव सांगायलाच पाहिजे असं नाही, कायदा त्याच्या बाजूने आहे. फक्त कुठे सापडला आणि किती वाजता एवढं विचारा, आणि 'रेल्वे ट्रॅक' एवढंच न लिहिता कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे, कुठल्या बाजूला ते लिहा. कारण माणूस पडतो कुर्ल्याला आणि हरवल्याची तक्रार होते बदलापूरला, चौकीतल्या हवालदाराला दोन्ही टोकं जुळवायला हेच लागतं.

फोटो लगेच काढून ठेवा, केसपेपरला लावण्यापुरता, व्हॉट्सॲपवर फिरवायला नाही. काही तासांत चेहरा सुजतो, ऑपरेशनला डोकं भादरतात, मग सख्खी आईसुद्धा ओळखत नाही. कपडे कापले तर फेकू नका, मावशींनाही सांगून ठेवा, शर्टाच्या कॉलरवर टेलरचं लेबल असतं. खिसे पोलिसांसमोर रिकामे करून यादी करायची. पास मिळाला तर उत्तम, निदान कुठून कुठे जातो ते कळतं. मोबाईल लॉक असेल तरी बंद करू नका, चार्जिंगला लावा आणि कोणीतरी जवळ राहा, घरून फोन येतोच, आणि नाहीच आला तर सिमवरून पोलीस नाव काढतात. गोंदण, जुने व्रण, तुटलेला दात, सगळं नोंदवा.

एकाच रात्री दोन अननोन आले तर? मनगटाला केसपेपर नंबर बांधा, रक्ताच्या बाटलीवरही तोच नंबर, फक्त 'अननोन' लिहिलेली बाटली लॅबला पाठवूच नका, चुकीचं रक्त चढलं तर सीटी-बीटी सगळं वाया.

शुद्धीवर आला की त्याच्या भाषेत बोला, मराठी चाललं नाही तर हिंदी, नाहीतर भोजपुरी किंवा बंगाली येणारे वॉर्डातले मामा बोलवा. सांगितलेलं नाव लगेच पक्कं धरू नका, डोक्याला मार लागलेला आज एक सांगतो, उद्या दुसरं. दोन्ही तारीख-वेळेसकट लिहा आणि चौकीला कळवा, समाजसेवा विभागालाही. आणि कोणी 'माझा भाऊ आहे' म्हणत आलं तर पोलिसांनी ओळख तपासून एमएलसीत नोंद केल्याशिवाय पेशंट ताब्यात द्यायचा नाही.