दुबईत गल्लीतली मशीद बघायला जाताय? या चुका टाळा

दुबईत राहणाऱ्या मराठी घरात पाहुणे आले की बुर्ज खलिफा, मीना बाजार आणि अबुधाबीची शेख झायेद मशीद हे ठरलेलं असतं. मग कोणीतरी म्हणतं, "तुमच्या बिल्डिंगखालचीच मशीद बघून येऊ, पाच मिनिटांत." इच्छा चांगलीच आहे. शेजारी कसे राहतात, काय मानतात हे बघावंसं वाटलंच पाहिजे. पण त्या "पाच मिनिटांत" या शब्दांचा मला मनापासून राग येतो, कारण पुढच्या सगळ्या चुका त्या घाईतूनच होतात.

शेख झायेद मशिदीवरून अंदाज बांधणं

2007 मध्ये खुली झालेली ती 82 घुमटांची मशीद पाहुण्यांची सवय असलेली आहे. मोफत पास, तपासणी, फिरायचा आखलेला मार्ग, सगळी व्यवस्था तयार. दुबईतल्या करामा, सतवा, देरा या वस्त्यांमधल्या मशिदी तशा नाहीत. तिथे समोरचा किराणावाला, टॅक्सीवाला, बांधकामावरचा मजूर नमाजासाठी येतो आणि परत कामाला लागतो. अमिरातीतल्या बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो. इमाम सरकारी व्यवस्थेखाली काम करतो, त्यामुळे "या आत" म्हणणं दर वेळी त्याच्या हातात नसतं. तो संकोचून गप्प राहतो आणि आपली माणसं त्यालाच होकार समजतात. "कोणी काही म्हणत नाही, बिनधास्त जा" असं व्हिडिओत सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मी पाहुण्यांना आधी दुबईतल्याच जुमेराह मशिदीत नेते. 1979 पासून उभी असलेली ही मशीद सगळ्यांसाठी खुली आहे. शुक्रवार सोडून इतर दिवशी तिथे माहितीची फेरी असते. वेळ मात्र निघण्याआधी बघून घ्या. वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं, कसा करतात, नमाजात कधी उभं राहायचं, कधी वाकायचं, कपाळ कधी टेकायचं, हे तिथे करून दाखवतात. बुरख्यापासून रोजापर्यंत काहीही विचारा, नीट उत्तर मिळतं. अल सफातली फारूक उमर बिन अल खत्ताब मशीद आणि शारजात खालिद लगूनच्या काठावरची अल नूर मशीदही पाहुण्यांना घेते. हे झाल्यावरच गल्लीतल्या मशिदीचा विचार करावा. तोही तिथे रोज नमाज पढणाऱ्या ओळखीच्या माणसाला आधी विचारून, त्याच्यासोबतच. ओळख नसेल तर बाहेरूनच बघावी. त्याला दुसरा मार्ग नाही, आणि असू नये असंच मला वाटतं.

शुक्रवारी दुपारी फोन घेऊन जाणं

नवऱ्याचे एक मावसभाऊ आमच्याकडे आले होते. शुक्रवारी दुपारी आम्ही देऱ्यात होतो. जुम्म्याच्या नमाजाची गर्दी मशिदीत मावत नव्हती. रांगा फूटपाथवर आल्या होत्या. कोणी चटई अंथरलेली, कोणी पुठ्ठ्याचा तुकडा, कोणी नुसताच रुमाल. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दोन मिनिटांत येतो, शॉट भारी आहे." मी नको म्हणेपर्यंत ते पलीकडे पोहोचले. चांगला कोन मिळावा म्हणून फोन वर धरून, पायात बूट तसेच, पहिल्या रांगेच्या अगदी समोरून आडवे चालत गेले. एका चटईच्या पुढच्या कडेवर त्यांचा पाय पडला. त्या चटईवरचा माणूस सजद्याला वाकला, तेव्हा बुटाची धूळ त्याच्या कपाळाखाली होती.

नमाज संपेपर्यंत कोणी हललं नाही. संपल्यावर चार-पाच जण जवळ आले. आवाज चढायला लागले. तेवढ्यात मागून एकजण आला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "काका, त्या चटईवर कपाळ टेकतात हो." दापोलीकडचा कोकणी मुलगा, तिथेच दुकानात कामाला. त्याने सगळ्यांना शांत केलं, भाऊजींना त्या माणसाची माफी मागायला लावली आणि व्हिडिओ समोर पुसून घेतला. पुसलेल्या फाइलींच्या फोल्डरमधूनही. तो नसता तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकलं असतं. अमिरातीत परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं हा गुन्हा आहे, दंड लाखांत जातो आणि तुरुंगही होऊ शकतो.

नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही, हा नियम मशिदीच्या आत, अंगणात, फूटपाथवर, सगळीकडे तोच. जायचंच असेल तर रांगेच्या मागून, नाहीतर थांबा. नमाजाला काही मिनिटंच लागतात. मी स्वतः फोन पर्समध्ये घालून चेन लावते. हातात असला की तो वर जातोच. माणसं नसलेल्या भिंतीचा, मिनाराचा फोटो हवा असेल तर नंतर विचारून काढा.

वेळ न बघता जाणं

गल्लीतल्या बऱ्याच मशिदी पाच नमाजांच्या आसपास उघडतात आणि मधल्या वेळात बंद असतात. त्यामुळे अचानक गेलात तर एकतर कुलूप दिसेल, नाहीतर जमात, म्हणजे एकत्र नमाज पढणाऱ्यांची रांग, उभी असेल. नमाजाच्या वेळा सूर्यावर चालतात, म्हणून मागच्या महिन्याची वेळ या महिन्यात लागू पडत नाही. आतल्या भिंतीवरच्या फलकावर अजान आणि जमातीची वेळ लिहिलेली असते. मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला, दोन्हींत अंतर अगदी थोडं असतं, तेव्हा ती वेळ टाळाच. मला इशानंतरची, म्हणजे रात्रीच्या नमाजानंतरची, वेळ बरी वाटते. गर्दी ओसरू द्यायची, इमामांना घरी जायची घाई नाही ना ते बघायचं, मग सोबतच्या माणसाने विचारायचं.

बाकीच्या चुका थोडक्यात. हाफ पँट, बिनबाह्यांचा टॉप नको, पुरुषांनीसुद्धा. ओढणी दारात शोधू नका, घरून घेऊन निघा. बायकांचं दार बहुतेक बाजूला किंवा मागे असतं, नवऱ्याच्या मागोमाग पुरुषांच्या दारातून शिरू नका. चपला गालिचाच्या आधी काढून मांडणीत ठेवा, दारात ढीग नको. मोजे धुतलेले असावेत. कच्चा कांदा-लसूण खाऊन जाऊ नये, नमाजीही ते पाळतात. मागच्या खुर्च्या गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आहेत. कुराणाची प्रत कुतूहलाने उचलू नका, जमिनीवर तर ठेवूच नका. रांगेत उभं राहून नमाजाची नक्कल करणं हा आदर नव्हे. मागच्या भिंतीशी शांत बसा.

रमजानमध्ये मशिदीबाहेर इफ्तारचे तंबू लागतात. ते दिवसभर उन्हात राबलेल्या मजुरांसाठी असतात. कोणी प्रेमाने बसवलं तर बसा, स्वतःहून "अनुभव" घ्यायला रांग लावू नका.

आणि मशिदीबाहेरचा थंड पाण्याचा कूलर कोणासाठीही असतो, धर्म कोणी विचारत नाही. तहान लागली तर खुशाल प्या. पण दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या भरायला उभे राहू नका. तुमच्या मागे डिलिव्हरीवाला हेल्मेट हातात घेऊन उभा असतो, आणि त्याची पुढची ऑर्डर उशिरा पोहोचली तर भुर्दंड त्याला पडतो.